कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे मी अक्षरओळख होण्याच्याही आधी शिकलो. गिरगावातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडावर जप्ती आली होती. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन. खाकी कोटातला बेलीफ आणि त्याच्यामागून दोन हमाल जिना चढून गेले, आणि थोड्या वेळाने एक लाकडी कपाट, एक पितळी घंगाळ आणि एक बाजाची पेटी अशी वरात खाली उतरली. पण त्या वस्तूंपेक्षा मला आठवतात ते चाळीतले दरवाजे. एरवी ज्या चाळीत कोणाचे दूध उतू गेले तरी चार जणी चौकशीला यायच्या, त्या चाळीतली दारे त्या अर्ध्या तासात एकामागून एक लोटली गेली. कोणाला बघायचे नव्हते अशातला भाग नाही. आपण बघतो आहोत हे त्या गृहस्थाला दिसू नये, एवढीच त्यातली माणुसकी. वडिलांनी मला आत ओढले आणि म्हणाले, "सरकारचा कागद आला की आधी पैसे भरावेत, मग भांडावं."

हे वाक्य मला वेळेवर आठवले असते तर हा लेख लिहायची पाळी आली नसती.

मी १९७१ साली इंग्लंडला आलो आणि तेव्हापासून लंडनच्या वायव्येकडच्या एका उपनगरात राहतो. जन्मभर दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या लिहिल्या आणि त्याच धंद्यातून निवृत्त झालो. घरचा हिशेब मात्र कधी लिहिला नाही. तो ही लिहीत असे. विजेचे बिल, पाण्याचे बिल, विम्याचा हप्ता, प्रत्येकाची वेगळी फाईल आणि प्रत्येक फाईलच्या पुठ्ठ्यावर तिच्या ठसठशीत अक्षरात मराठीत नाव आणि खात्याचा नंबर. २०१५ च्या नोव्हेंबरात ती गेली, तेव्हा फाइली जिथे होत्या तिथेच राहिल्या. मी नवी बिले स्वयंपाकघराच्या खणात टाकू लागलो. पैसे बँकेतून परस्पर जात होते, त्यामुळे खण उघडण्याचे कारणही पडत नसे.

आणि २०१८ सालच्या जून महिन्यात एके सकाळी दारातून समन्स आले. लाल लाखेचा शिक्का नाही, पट्टेवाला नाही. पिझ्झावाल्याच्या जाहिरातीबरोबर पायपुसण्यावर पडलेले एक साधे पाकीट. अमुक रकमेचा काउन्सिल टॅक्स आपण भरलेला नाही, तरी अमुक तारखेला मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात हजर राहून त्याचे कारण दाखवावे. खाली थकबाकी आणि तिच्याखाली कोर्टखर्चाचे म्हणून आणखी जवळजवळ शंभर पौंड. सत्तर वर्षांचा मी, पण हातात कागद धरून पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर दार उघडून शेजारच्या बाईंनी पाहिले तर नाही ना, हे बघितले. ज्या चाळीला मी पाच हजार मैलांवर सोडून आलो होतो, तिचे दरवाजे धडाधड माझ्या कानात लागत होते.

आता हा काउन्सिल टॅक्स म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्या घरपट्टीचा तो चुलतभाऊ असला तरी स्वभाव निराळा आहे. घरपट्टी मालकाच्या गळ्यात पडते. हा कर राहणाऱ्याच्या, मग तो भाडेकरू का असेना. १९९३ च्या एप्रिलपासून तो सुरू झाला. घरांचे ए पासून एच पर्यंत आठ गट पाडलेले आहेत आणि १ एप्रिल १९९१ रोजी तुमचे घर बाजारात किती किमतीला गेले असते त्यावर गट ठरतो. इंग्लंडात तीच १९९१ ची किंमत अजून चालते. गट ठरवायला ज्यांना नेमले होते त्यांनी म्हणे पुष्कळ रस्त्यांवरून नुसती मोटार हळू चालवत नेली आणि खिडकीतून बघून आकडे टाकले. आमचे घर डी गटात पडले, म्हणजे ६८,००१ ते ८८,००० पौंडांच्या मधले. आज त्या पैशात आमच्या गल्लीत मोटार उभी करण्यापुरतीही जागा मिळेल की नाही, शंका आहे.

त्याच्या आधीचा कर ह्याहूनही गमतीचा होता. मार्गारेट थॅचरबाईंनी १९९० साली इंग्लंडात डोईपट्टी आणली. घर झोपडी असो की महाल, प्रत्येक प्रौढ डोक्याला कर सारखाच. उत्पन्न नसले तरी निदान २० टक्के भरणे सुटत नसे. आमच्याकडे तेव्हा माझी आई होती. तिच्या नावाने स्वतंत्र बिल आले. जन्मात जिच्या नावाने पोस्टकार्डापलीकडे काही आले नव्हते, त्या बाईने ते बिल देव्हाऱ्यापाशी ठेवले आणि दोन दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवले. तिसऱ्या दिवशी त्याचा अर्थ कळल्यावर म्हणाली, "म्हणजे जिवंत असल्याचा दंड की रे हा!" ३१ मार्च १९९० ला ट्रफाल्गर चौकात ह्याच करापायी मोठी दंगल झाली, त्याच नोव्हेंबरात बाई पायउतार झाल्या आणि डोईपट्टीही फार दिवस टिकली नाही. आईचे मत मात्र इतिहासकारांच्या मताहून वेगळे आहे असे मला वाटत नाही.

नव्या करात तडजोड अशी, की अर्धा कर घराचा आणि अर्धा माणसांचा धरायचा. माणसे दोन आहेत असे गृहीत धरायचे. तिसरे-चौथे असले तरी वाढ नाही, पण घरात एकच प्रौढ असेल तर चौथा हिस्सा, म्हणजे २५ टक्के, माफ. ही गेल्यावर मला ती सूट मिळाली. त्यासाठी एक फॉर्म भरावा लागतो. त्यात विचारलेले असते की आपण कोणत्या तारखेपासून घरात एकटे आहात. दोन चौकटी दिवसाला, दोन महिन्याला, चार वर्षाला. त्या आठ चौकटी भरायला मला तीन आठवडे लागले. असो.

२०१७ च्या सप्टेंबरात माझ्या बहिणीचा मुलगा पुण्याहून लंडनच्या एका विद्यापीठात एम.एस्सी. करायला आला आणि आमच्या मागच्या खोलीत राहू लागला. घरात पुन्हा चहाचे दोन कप विसळले जाऊ लागले. त्याच सुमाराला मतदारयादीचा फॉर्म आला: ह्या घरात कोण कोण राहते? मी प्रामाणिक माणूस. भाच्याचे नाव लिहिले. तुम्हाला नवल वाटेल, पण भारताच्या नागरिकाला, तो इथे रीतसर राहत असेल तर, राष्ट्रकुलातला म्हणून इंग्लंडात मत देता येते. भाचा खूश झाला. ३ मे २०१८ ला लंडनच्या सगळ्या काउन्सिलांच्या निवडणुका होत्या आणि त्याने सकाळी सात वाजता जाऊन मत दिले. पुण्यात हा कधी मतदानाला नवाच्या आधी उठल्याचे माझ्या बहिणीला आठवत नाही.

तोवर इकडे दुसरेच घडून गेले होते. मतदारयादी आणि सुटीची यादी ह्यांचा सरकारी यंत्रात मेळ घालून पाहतात. एकटा म्हणवणाऱ्या माझ्या घरी दोन मतदार निघाले. मार्चमधल्या नव्या बिलातून सूट गेली. १,५४० पौंडांवर ३८५ ची सूट होती, ती गेलीच, शिवाय मागच्या सप्टेंबरपासूनची वसुली निराळी.

आता कायदा माझ्या बाजूने होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. १९९२ च्या कायद्याला एक परिशिष्ट आहे. त्यात कोणाकोणाला माणूस म्हणून मोजायचे नाही ते दिले आहे. पूर्णवेळ विद्यार्थी त्यात आहे. मठातले साधू आणि जोगिणी आहेत. गंभीर मनोविकाराने पीडित माणसे आहेत. तुरुंगातले कैदी आहेत. म्हणजे भाचा घरात असूनही घरात नव्हता. "मामा," तो म्हणाला, "मत द्यायला मी एक आणि कर भरायला शून्य."

मी विद्यापीठाचा दाखला जोडून काउन्सिलला पत्र लिहिले. कागदपत्र नीट असावे म्हणून तीन वर्षांत प्रथमच हिची हिरवी फाईल काढली आणि पुठ्ठ्यावरचा खातेनंबर पत्राच्या डोक्यावर लिहिला. बिलावरचे बारीक आकडे वाचायला चष्मा लागतो. हिचे अक्षर बिनचष्म्याचे. उत्तर आले नाही. दुसरे पत्र लिहिले. तिसरे लिहिले, ते जरा कडक. मग मला राग आला. निवृत्त हिशेबनिसाचा राग फार थंड आणि फार हट्टी असतो. चुकीच्या बिलावर एक पेनीही देणार नाही, असे मी ठरवले आणि बँकेला सांगून हप्ता बंद केला.

इथे मी चुकलो, आणि साधे नाही, चांगलेच चुकलो. हा कर बहुधा एप्रिल ते जानेवारी असा दहा हप्त्यांत भरतात. हप्ता चुकला की स्मरणपत्र येते. सात दिवसांत भरले नाही, तर आणखी सात दिवसांनी हप्त्यांची सवलतच जाते आणि वर्षाची सगळी रक्कम एकदम देणे होते. बिल चूक आहे की बरोबर, ह्याच्याशी त्या घड्याळाचा संबंध नाही. भांडण करायची वाट निराळी आहे: काउन्सिलला हरकत लेखी कळवावी, दोन महिने वाट पाहावी आणि त्यांनी नाकारले किंवा काही कळवलेच नाही, तर मूल्यनिर्धारणाच्या खास न्यायाधिकरणाकडे दाद मागावी. तिथे फी पडत नाही. पण तोवर बिल असेल तसे भरत राहावे लागते. आधी पैसे भरावेत, मग भांडावे. माझे वडील कधी गिरगाव-दादरच्या पलीकडे फारसे गेले नाहीत, पण इंग्रजांचा कायदा त्यांना माझ्याहून जास्त कळत होता.

मला वाटले होते, स्मरणपत्राला उत्तर म्हणून माझी तीन पत्रे आहेतच की!

तारखेच्या आदल्या रात्री भाचा फोनवर कायदा वाचत बसला. त्याने मला धीर यावा म्हणून टॉटनहॅमच्या एका निवृत्त पाद्रीबाबांची हकीगत वाचून दाखवली. रेव्हरंड पॉल निकल्सन त्यांचे नाव. त्यांनी मुद्दाम कर थकवला, समन्सच्या खर्चाचे १२५ पौंड कसे मोजले असे कोर्टात विचारले आणि २०१५ साली हायकोर्टापर्यंत जाऊन जिंकले. मॅजिस्ट्रेटनी पुरेशी माहिती न घेताच तो खर्च मान्य केला, असा निकाल झाला. मला थोडी उभारी आली. तेवढ्यात त्याने पुढचे वाचले: जाणूनबुजून कर बुडवणाऱ्याला इंग्लंडात तीन महिन्यांपर्यंत तुरुंगही होऊ शकतो. आणि वर म्हणतो, "मामा, गंमत बघा. कैदी मोजत नाहीत म्हणालो ना? पण काउन्सिल टॅक्स बुडवून आत गेलेला कैदी मात्र मोजतात! म्हणजे तुम्ही आत गेलात तरी घरचं बिल कमी होणार नाही." तो हसून झोपायला गेला. मी झोपलो नाही. महाराष्ट्र मंडळात गणपतीला जाताना लोक काय म्हणतील, इथपासून माझ्या मृत्युलेखात हे येईल काय, इथपर्यंत सगळे विचार करून झाले.

सकाळी सूट चढवला. हिच्या दिवसांनंतर तो घातलाच नव्हता. हिरवी फाईल काखोटीला मारली. भाचा म्हणाला येतो. मी नको म्हणालो. जप्तीच्या वेळी मला आत ओढणारे वडील आठवले, एवढेच.

कोर्टाच्या दालनात मला वाटले होते तसे काहीच नव्हते. दवाखान्यात असते तशी खुर्च्यांची रांग, पाण्याचे यंत्र, एक रडणारे मूल. अंगावर रंगाचे शिंतोडे असलेला एक कारागीर कामावरून तसाच आला होता. एक टॅक्सी चालवणारा गृहस्थ हातातल्या चाव्या सारख्या खुळखुळवत होता. भिंतीवर त्या दिवशीच्या नावांची यादी होती, शेकड्यांनी नावे. हजर आम्ही पंधरा-वीस जण. सूट फक्त माझ्या अंगावर होता, आणि त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत दोघांनी मला वकील समजून आपापली समन्से दाखवली.

कोर्टाच्या दाराबाहेर काउन्सिलची माणसे एक टेबल आणि संगणक मांडून बसली होती. आत जाण्यापूर्वी त्यांच्याशी बोला, असे सगळ्यांना सांगत होते. माझ्या वाट्याला एक तिशीची गुजराती मुलगी आली. मी उभ्यानेच भाषणाला सुरुवात केली: कायदा, परिशिष्ट, दाखला, तीन पत्रे, तारखा. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुमच्या खात्यावर एकही पत्र नाही."

मी फाईल उघडली. तिन्ही पत्रांच्या नकला टेबलावर ठेवल्या. तिने पहिल्या पत्राच्या डोक्यावरचा नंबर पाहिला, माझ्या समन्सवरचा नंबर पाहिला आणि तो पहिला नंबर संगणकात घातला. थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग तिने पडदा माझ्याकडे वळवला.

पत्रे तिथे होती. तिन्ही. दाखल्यासकट नीट छायाचित्र काढून तारखेवार लावलेली. फक्त ती ज्या खात्यात होती ते खाते २०१५ सालीच बंद झाले होते. खातेदार म्हणून आमची दोघांची नावे होती. आधी हिचे, मग माझे. ही गेल्यावर काउन्सिलने जुने खाते बंद करून माझ्या एकट्याच्या नावाने नवे उघडले होते, आणि तसे कळवलेही असणार. तो कागद स्वयंपाकघराच्या खणात असणार. टपाल लावणाऱ्याने नंबर बघून पत्र लावले. बंद खाते कोणी उघडून बघत नाही. आणि मी तीन महिने, तारखेवार, दाखल्यासहित, पत्रे लिहीत होतो ती हिच्या नावावर.

मला काही बोलता येईना. ती मुलगीही काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "अंकल, बसा ना."

पुढचे काम दहा मिनिटांत झाले. तिने दाखला माझ्या खात्यावर लावला, सप्टेंबरपासूनची सूट परत घातली आणि समन्स मागे घेतल्याची नोंद केली. पत्रे वेळेत पोचली होती म्हणून कोर्टखर्चही काढून टाकला. पण सोडले नाही. "एप्रिल, मे, जून, जुलै. ह्या चार महिन्यांचे, सूट धरूनसुद्धा, तुम्ही काहीच भरलेलं नाही," ती म्हणाली. "ते का?" मी म्हणालो, तत्त्व म्हणून. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की माझी आईच समोर बसल्याचा भास झाला. "आज भरून टाका," ती म्हणाली.

मला आत जायची आता गरज नव्हती. पण रात्रभर ज्या खोलीला घाबरलो ती बघितल्याशिवाय घरी जावेना, म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसलो. समोर मॅजिस्ट्रेट म्हणून तीन साधी माणसे. ह्या देशात हे काम बिनपगारी नागरिक करतात आणि कायदा सांगायला एक सल्लागार जवळ बसतो. काउन्सिलच्या माणसाने शपथ घेऊन सांगितले की यादीतल्या सगळ्यांना बिल, स्मरणपत्र आणि समन्स गेले आहे आणि पैसे आलेले नाहीत. शेकडो नावांवर एका दमात हुकूम झाला. त्या हुकमावरून पगारातून पैसे कापता येतात, बेलीफ पाठवता येतो. एवढ्या नावांना मिळून लागलेल्या वेळात आमच्या चाळीतला तो बेलीफ दुसरा मजलाही चढला नसता.

मग टॅक्सीवाल्याला बोलावले. त्याने चाव्या खिशात टाकल्या आणि सांगितले की मार्चपासून पाठीच्या दुखण्याने गाडी बंद आहे, दोन मुले आहेत, पैसे नाहीत. मधल्या मॅजिस्ट्रेटबाईंनी सगळे ऐकून घेतले. मग अगदी सौजन्याने म्हणाल्या, की पैसे नाहीत ह्याचा विचार करण्याचा ह्या टप्प्यावर आम्हाला अधिकार नाही. कर तुमच्या नावे लागला का आणि भरला गेला का, एवढेच आम्ही पाहू शकतो. हप्ते बांधून मिळतात का ते काउन्सिलला बाहेर विचारा. "मग मला इथे बोलावलं कशाला?" त्याने विचारले. उद्धटपणे नव्हे, खरोखरच कळत नसल्यासारखे. बाई कागदाकडे बघत राहिल्या. हुकूम झाला. तो बाहेर पडताना मी खाली मान घालून बसलो. दार लोटून घेण्याचाच तो एक प्रकार.

माझ्यापाशी फाईल होती, सूट होता, कायदा वाचणारा भाचा होता. त्याच्यापाशी चाव्या होत्या. बाहेर आल्यावर मी त्याला त्या गुजराती मुलीच्या टेबलापाशी नेऊन बसवले. पुढे त्याचे काय झाले ते मला ठाऊक नाही.

घरी येऊन आधी चार महिन्यांचे पैसे भरले आणि बँकेचा हप्ता पुन्हा सुरू केला. भाच्याने आमटी-भात केला होता. आमटीत मीठ कमी होते, पण त्याच्या तोंडावरून इतकी काळजी ओसंडत होती की मी दोनदा वाढून घेतली. निजायच्या आधी स्वयंपाकघराचा खण रिकामा केला. तीन वर्षांची बिले निघाली आणि तळाशी नव्या खात्याचे ते पत्रही निघाले, न फोडलेले. सगळे हिरव्या फाइलीत लावले. पुठ्ठ्यावर हिच्या नंबराखाली जागा होती, तिथे नवा नंबर लिहिला. माझे अक्षर तिच्यापुढे गिचमिडच दिसते.

सप्टेंबरात भाचा पुण्याला परत गेला. थोड्याच दिवसांत मतदारयादीचा फॉर्म पुन्हा दारातून पडला: ह्या घरात कोण कोण राहते? मी चष्मा शोधून आणला, भाच्याच्या नावावर काट मारली, खाली सही केली, आणि पाकीट बंद करण्यापूर्वी वरचा नंबर दोनदा वाचला.